ऑफिसची टीम, देशाची टीम

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवारची संध्याकाळ. अबू धाबीला आशिया कपची मॅच, भारत विरुद्ध ओमान. आमच्या मस्कतच्या हॉलमध्ये तीन कुटुंबं, दोन पातेली मिसळ आणि एकच टीव्ही. चिरंजीवांचं वय नऊ, जन्म मस्कतचा. अंगात भारताची निळी जर्सी आणि गालावर ओमानचा लाल-पांढरा-हिरवा झेंडा रंगवलेला. टॉसच्या वेळी त्याने विचारलं, "बाबा, आपण नक्की कोणाकडून?"

मी म्हटलं, "इंडियाकडून, अर्थात!"

"मग हा ओमानचा कॅप्टन जतिंदर सिंग, तो पण इंडियाचाच ना? तो का तिकडून खेळतोय?"

आता काय सांगणार? मी आपला "अरे, तो इथे राहतो, म्हणून" असं काहीतरी पुटपुटलो. त्यावर पुढचा बाउन्सर आला, "आपण पण इथेच राहतो."

मंडळी, मी कॉम्प्युटर इंजिनिअर. इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण त्या रात्री मॅच संपल्यावर (आपण २१ धावांनी जिंकलो, पण घाम फुटला!) मला जाणवलं की या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मावणारं नाही. त्यासाठी ओमानच्या क्रिकेटचा इतिहास सांगायला हवा, आणि तो सांगता सांगता आपल्यासारख्या इथे पोट भरायला आलेल्या माणसांचाही. म्हणून हा लेख.

हिरवळीशिवायचं क्रिकेट

२३ जुलै १९७० ला सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर आणि शाळा होत्या तीन. आज आपण एक्सप्रेसवेवरून तासाला एकशेवीसने जाताना हे खरं वाटत नाही. रस्ते, दवाखाने, बंदर, बँका, सगळं उभं करायचं होतं आणि त्यासाठी माणसं हवी होती. भारतातून आली, पाकिस्तानातून आली, श्रीलंका-बांगलादेशातून आली. येताना त्यांनी लोणच्याची बरणी आणली आणि क्रिकेटही आणलं.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका १९८० साली दादरहून इथे ड्राफ्ट्समन म्हणून आले. आता मुलाकडे राहतात. त्यांना विचारलं, तर डोळे लकाकले. "अरे, ग्राउंड कसलं? नुसती माती नि खडे. मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट अंथरायची. कडेला खिळे ठोकायचे. सहा ओव्हरमध्ये चेंडूची लक्तरं व्हायची. डाइव्ह मारली की गुडघ्याची सालं गेलीच म्हणून समज. गवत बघायला आम्ही दोन वर्षांनी सुट्टीत शिवाजी पार्कला जायचो!"

तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. (शुक्रवार-शनिवार झाली ती मे २०१३ पासून.) बऱ्याच खासगी कंपन्यांत तर फक्त शुक्रवार. म्हणजे आठवड्यात क्रिकेटला मिळायची एकच सकाळ, तीसुद्धा ऊन चढायच्या आत आणि जुम्म्याच्या नमाजाआधी आटपायची. काका सांगतात की पहाटे पाचला पिकअप यायची, मागे किट आणि किटवर बसलेले अकरा जण.

कनकसी शेठ

या मातीतल्या क्रिकेटला १९७९ साली एक छप्पर मिळालं, ओमान क्रिकेट क्लब. नाव क्लबचं असलं तरी काम अख्ख्या देशाच्या क्रिकेट मंडळाचं. त्यामागे उभे होते कनकसी खिमजी. कच्छमधल्या मांडवीहून आलेलं हे कुटुंब. त्यांच्या 'खिमजी रामदास' पेढीची सुरुवात १८७० ची. कनकसी शेठ १९३६ साली जन्मले. पुढे सुलतान काबूस यांनी त्यांना 'शेख' ही पदवी दिली, आणि जगातले पहिले हिंदू शेख म्हणून ते ओळखले गेले. आपली मुलं ज्या इंडियन स्कूल मस्कतमध्ये जातात ती १९७५ साली सुरू झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. शाळा आणि क्रिकेट, परदेशी राहणाऱ्या माणसाला आपलं घर वाटायला लागतं ते बहुधा या दोन गोष्टींनी, हे त्यांनी ओळखलं असावं.

शेठजींनी नुसती देणगी देऊन फोटो काढले नाहीत. लीग लावली, विभाग पाडले, पंच तयार केले, कंपन्यांच्या मालकांना टीम काढायला भाग पाडलं. २००० साली ओमानला आयसीसीचं अफिलिएट सदस्यत्व मिळालं, २०१४ साली असोसिएट. २०११ मध्ये आयसीसीने शेठजींच्या आयुष्यभराच्या सेवेचा गौरव केला.

कंपनी लीग

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओमानच्या लीगमध्ये टीमची नावं पाहा : खिमजी रामदास, अस्सरैन, अल तुर्की. एवढंच काय, 'पॅसेज टू इंडिया' या रेस्टॉरंटचीही टीम! गावाची, पेठेची, गल्लीची नावं नाहीत. सगळी नावं कंपन्यांची. चांगला बॅट्समन दिसला की कंपनी त्याला नोकरी द्यायची. कोणी हिशेबनीस, कोणी स्टोअरकीपर, कोणी सेल्समध्ये. दिवसभर काम, संध्याकाळी नेट्स. संध्याकाळच्या नेट्सना जाऊ दे, एवढी एकच सवलत.

आपल्याला यात नवल वाटायला नको. मुंबईचं क्रिकेट तरी कसं घडलं? १९३० च्या दशकापासूनची टाइम्स शील्ड म्हणजे ऑफिसांचीच स्पर्धा. सुनील गावसकर निर्लॉनचे, अजित वाडेकर स्टेट बँकेचे. आमच्या काकांच्या पिढीतल्या मुंबईकरांना "कुठे असतो?" याचं उत्तर बँकेचं नाव आणि टीमचं नाव, दोन्ही एकच असायचं. मस्कतमध्ये आलेल्या माणसांनी तोच प्रोग्राम इथल्या मशीनवर चालवला म्हणा ना!

आणि ही केवळ आपलीच खासियत आहे असंही नाही. कंपनीने मला एकदा आठ महिने एका प्रोजेक्टसाठी प्रागला पाठवलं होतं. तिथे क्रिकेट कोणाला माहीत नाही. तिथला धर्म म्हणजे बर्फावरची हॉकी, आइस हॉकी. एक सहकारी मला उत्तरेकडच्या लितविनोव्ह गावाला मॅच पाहायला घेऊन गेला. बाहेर उणे आठ, आत त्याहून फारसं बरं नाही. पायात स्केट्स घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात, आणि ती रबरी चकती मला तर पहिली दहा मिनिटं दिसलीच नाही! पण क्लबचा इतिहास ऐकला आणि मी मस्कतलाच पोचलो. हा क्लब १९४५ चा, शेजारच्या मोठ्या रासायनिक कारखान्याच्या आधाराने उभा राहिलेला. त्याच्या नावातच कितीतरी वर्षं कारखान्याचं नाव होतं. पिल्झन गावच्या क्लबने वर्षानुवर्षं स्कोडाचं नाव मिरवलं, व्हितकोविट्सचा क्लब तिथल्या पोलाद कारखान्याचा. लितविनोव्ह तर पंचवीस हजारांच्या आतबाहेरचं गाव. पण तिथल्या इव्हान ह्लिंका यांनी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघाला प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक मिळवून दिलं. आज तिथल्या स्टेडियमला त्यांचंच नाव आहे. आणि खुद्द क्लबला देशाचं विजेतेपद पहिल्यांदा मिळालं ते २०१५ साली. तब्बल सत्तर वर्षं वाट पाहून!

मॅचनंतर माझा सहकारी म्हणाला, "माझे आजोबा त्या कारखान्यात होते, वडीलही होते. मी नाही, पण क्लब माझाच." हे वाक्य मी परतीच्या ट्रेनमध्ये घोळवत बसलो. कारण ओमानचं क्रिकेट आणि लितविनोव्हची हॉकी यांच्यात फरक आहे तो इथेच. तिथे कारखाना बदलला, नाव बदललं, तरी खेळाडू आणि प्रेक्षक त्याच गावचे राहिले. इथे कंपनी राहते, लीग राहते... माणसं जातात.

सापशिडी

ओमानचा संघ २००४ च्या एसीसी ट्रॉफीत फायनलपर्यंत गेला आणि २००५ साली आयर्लंडला आयसीसी ट्रॉफी खेळला. आपले संदीप पाटील, ज्यांनी २००३ च्या विश्वचषकात केनियाला सेमीफायनलपर्यंत नेलं, तेही काही काळ ओमानचे प्रशिक्षक होते. २००७ मध्ये नामिबियात दुसऱ्या विभागाची फायनल. सगळं कसं छान चाललं होतं. मग साप लागला. एकेक पायरी खाली घसरत २०१४ मध्ये संघ थेट पाचव्या विभागात! जागतिक क्रिकेटचा तो तळमजलाच म्हणायचा.

पण त्याच सुमाराला दोन गोष्टी घडल्या. एक, अल अमरातच्या डोंगरांच्या कुशीत सरकारने दिलेल्या जमिनीवर गवताचं मैदान तयार झालं. मागे बोडके तपकिरी डोंगर आणि पुढे हिरवागार गालिचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो फोटोशॉपच वाटला होता. दुसरी गोष्ट, श्रीलंकेचे माजी कर्णधार दुलीप मेंडिस प्रशिक्षक म्हणून आले आणि टिकले.

जुलै २०१५ मध्ये डब्लिनला नामिबियाला हरवून ओमान टी-ट्वेंटी विश्वचषकाला पात्र ठरला. ९ मार्च २०१६, धर्मशाला. समोर आयर्लंड, ज्यांनी पूर्वी पाकिस्तान आणि इंग्लंडसारख्यांना विश्वचषकात लोळवलेलं. १५५ धावा हव्या होत्या. शेवटच्या षटकात १४. आमिर अलीने १७ चेंडूंत ३२ ठोकल्या आणि दोन चेंडू, दोन विकेट राखून ओमान जिंकला! दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये केरळचा, लाहोरचा, कोलंबोचा आणि सांगलीचा, सगळे एकाच टेबलावर एकाच मॅचबद्दल बोलत होते, आणि भांडत नव्हते. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणखी एक गंमत सांगतो, कारण इतिहास म्हटलं की नुसते विजयच लिहायचे नसतात. १९ फेब्रुवारी २०१९ ला अल अमरातच्या मैदानावर स्कॉटलंडने ओमानला बाद केलं किती धावांत? चोवीस! त्यातल्या पंधरा एकट्या खावर अलीच्या. स्कॉटलंडने ते लक्ष्य ३.२ षटकांत गाठलं. मी संध्याकाळी स्कोअर पाहिला आणि वाटलं साइट हँग झालीय. पण पुढे काय झालं? दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, याच संघाने नामिबियात एकदिवसीय सामन्यांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवला. चोवीसवर ऑल आउट झालेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा नेट्सना गेली, याला मी खरी व्यावसायिक वृत्ती म्हणतो.

अमरातचा सोहळा

२०२१ चा टी-ट्वेंटी विश्वचषक कोविडमुळे भारताऐवजी अमिराती आणि ओमानमध्ये झाला. तयारी म्हणून ऑगस्टमध्ये मुंबईचा संघ इथे येऊन खेळून गेला. तेव्हा आपल्यातल्या काहींना वाटलं की वानखेडेच इथे आलं! ३ ऑक्टोबरला 'शाहीन' चक्रीवादळ बातिनाच्या किनाऱ्यावर आदळलं. मैदान बचावलं. आणि १७ ऑक्टोबरला स्पर्धेचा पहिला चेंडू कुठे पडला? लॉर्ड्सवर नाही, मेलबर्नला नाही, आपल्या अल अमरातला. पापुआ न्यू गिनीच्या १२९ धावा. झीशान मकसूदने २० धावांत चार बळी घेतले. मग जतिंदर नाबाद ७३, आकिब इलियास नाबाद ५०. ओमान दहा विकेटनी विजयी! पुढचे दोन सामने आपण हरलो, ते सोडा.

एकच रुखरुख राहिली. कनकसी शेठ १८ फेब्रुवारी २०२१ ला गेले. अवघे आठ महिने! चिरंजीव पंकज खिमजी यांनी मंडळाची धुरा सांभाळली, पण ज्यांनी खिळे ठोकलेल्या मॅटवर हे सुरू केलं त्यांना ती संध्याकाळ पाहायला मिळाली नाही.

माळ्यावरची बॅग

आता थोडं घरचं. आमची ऑफिसची टीम सगळ्यात खालच्या दर्जाची, टेनिस बॉलची. त्यात कोल्हापूरचा एक फास्ट बोलर होता. उंच, काटक, यॉर्कर असा की स्टंप शोधायला जावं लागे. तो दुसऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता आणि खरं तर लीगच्या वरच्या विभागात खेळण्याच्या लायकीचा. आयसीसीचा नियम तीन वर्षं वास्तव्याचा. त्याची अडीच झाली होती. आम्ही त्याला चिडवायचो, "सहा महिने थांब, तुझं नाव टीव्हीवर!"

२०२० च्या उन्हाळ्यात कोविडमध्ये त्याची नोकरी गेली. दुसरी नोकरी धरायची तर तेव्हा जुन्या मालकाची एनओसी लागायची, ती मिळाली नाही. (ही अट १ जानेवारी २०२१ ला रद्द झाली. त्याला सहा महिने उशीर झाला.) वंदे भारतच्या विमानात सामानाला मर्यादा, म्हणून किटबॅग माझ्याकडे ठेवून गेला. "दादा, परत येतोच की!" म्हणाला. बॅग अजून आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ही विचारते, "हिचं काय करायचं?" मी म्हणतो, "राहू दे."

ओमानच्या क्रिकेटची सगळी कहाणी मला त्या बॅगेत दिसते. इथल्या खेळाडूचा फॉर्म जाऊन चालतो एक वेळ, नोकरी जाऊन चालत नाही. नोकरी गेली की रेसिडेंट कार्ड गेलं, कार्ड गेलं की टीम गेली. देशासाठी खेळलेल्यांनाही हे चुकलेलं नाही. २०२४ च्या विश्वचषकाच्या बक्षिसाच्या रकमेवरून खेळाडू आणि मंडळ यांच्यात वाद झाला, त्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. त्या संघातले कितीतरी चेहरे नंतर दिसले नाहीत, काही जण तर देशच सोडून गेले. इतिहास लिहायचा तर हेही लिहायलाच हवं.

ओमानी नागरिक असलेले खेळाडू झाले, होत आहेत, पण अजून थोडे. इथल्या मुलांचा जीव फुटबॉलमध्ये. त्यामुळे या संघाचा इतिहास बराचसा जाणाऱ्या माणसांनीच लिहिलाय. पण जाताना ते रिकाम्या हाताने गेले नाहीत आणि मागेही रिकामं ठेवून गेले नाहीत. गवताचं मैदान ठेवून गेले, लीग ठेवून गेले.

तर, आपण कोणाकडून?

पुन्हा त्या शुक्रवारकडे येतो. भारताच्या १८८. ओमानचे सलामीवीर उतरले, जतिंदर आणि आमिर कलीम. जतिंदर मूळ लुधियानाचा. वडील इथे सुतारकाम करायचे, त्यांच्या मागोमाग कुटुंब मस्कतला आलं. कलीम कराचीचा, वय त्रेचाळीस! बुमराह विश्रांतीला होता, पण अर्शदीप, कुलदीप होतेच. कलीमने ६४ केल्या, हम्माद मिर्झाने ५१. अठराव्या षटकापर्यंत आमच्या हॉलमधली मिसळ गार झाली होती. आणि ओमानच्या डगआउटमध्ये कोण बसलं होतं? उपप्रशिक्षक सुलक्षण कुलकर्णी, मुंबईचे माजी विकेटकीपर, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१२-१३ ची रणजी जिंकली. मॅच संपल्यावर ओमानची पोरं सूर्यकुमार यादवभोवती गोळा झाली आणि तो त्यांच्याशी बराच वेळ बोलत राहिला. काका खुर्चीत पुढे सरकून पाहत होते. म्हणाले, "बघ, आमच्या वेळी मॅट पकडायला कोणी नव्हतं."

चिरंजीव मात्र उत्तराची वाट पाहत होते. मी त्याला म्हटलं, "हे बघ, सूर्यकुमार आपला आहे, कारण आपण तिथून आलो. आणि तो जतिंदर पण आपला आहे, कारण तो आपल्यासारखा इथे आला. त्याचे बाबा माझ्यासारखेच सकाळी डबा घेऊन कामाला जायचे."

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे आपण दोघांकडून. मग आपण हरणारच नव्हतो!"

पुढे १५ ऑक्टोबर २०२५ ला, अल अमरातलाच झालेल्या पात्रता फेरीतून, ओमानने २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. त्या वर्षी फराळाच्या ताटासोबत आणखी एक काम केलं. माळ्यावरची बॅग खाली काढली, बॅटला तेल लावलं आणि कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. तो आता तिथे मुलांना बोलिंग शिकवतो. म्हणाला, "दादा, बॅट तुमच्या पोराला द्या. पॅड्स मात्र मोठे होतील त्याला." झाले खरे मोठे. पण पोरं वाढतात.

तेव्हा मंडळी, सुट्टीच्या सकाळी कधी अमरातकडे गाडी वळवा. मुलांना घेऊन जा. बोडक्या डोंगरांपुढचं ते गवत दाखवा आणि सांगा की हे कोणी लावलं.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!